कुणालाच वाटता न येणारी संख्या

४ सप्टेंबर

हादरलोय. दुसरा शब्दच सुचत नाही.

सहावीच्या वर्गावर आजचा माझा चौथा दिवस. विचारलं, सम संख्या म्हणजे काय? सगळा वर्ग एका सुरात, माना हलवत: "ज्या संख्येच्या एकक स्थानी शून्य, दोन, चार, सहा किंवा आठ असतो तिला सम संख्या म्हणतात." कानाला गोड लागलं. मी खूश होऊन फळ्यावर ७० लिहिलं. सम की विषम? अर्धा वर्ग ओरडला, "विषम!" का रे बाबांनो? "सात विषम आहे ना, सर."

मी खडू खाली ठेवला.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत हे सांगितलं आणि सहज विचारलं, की शून्य सम आहे एवढं तरी पोरांना माहीत असेल ना? विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "शून्य सम कुठून? शून्य कुणाचंच नसतं." खेळाचे सर म्हणाले, "शून्य न्यूट्रल." मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कपातला चहा ढवळत म्हणाल्या, "सर, तुम्ही नवीन आहात. हळूहळू घ्या."

वीस वर्षं पाण्याचे पंप तपासले. पंप गळका निघाला तर परत पाठवता यायचा. कारखाना बंद पडला, चाळिशीनंतर पदवी घेऊन मास्तर झालो, आणि आता कळतंय की इथे माल परत पाठवायची सोय नाही.

बायकोला सांगितलं तर ती हसत सुटली. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, पण संध्याकाळी हसायला तिच्याकडे ताकद उरते. मला विचारते, "तुला पहिलीत पहिल्या दिवशी सगळं यायचं का?"

आई सोमवारी आली. दादानं बसमध्ये बसवून दिलं. आता फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे. बाबा गेल्यापासून हेच चाललंय आणि छान चाललंय. बारा महिने, दोन भाऊ, सहा-सहा. कुणाची कुरकुर नाही. लोकांकडे याच गोष्टीवरून डोकी फुटतात.

८ सप्टेंबर

आज मजा आली! बायकोच्या दुकानातून औषधाच्या बाटल्यांची झाकणं गोळा करून नेली होती. दोन-दोन मुलांची जोडी केली आणि समोर झाकणांची रास. नियम एकच: एक तुला, एक मला. भांडण न होता सगळी वाटली गेली तर संख्या सम. एक उरलं आणि भांडण झालं तर विषम.

वर्ग नुसता पेटला. शून्य झाकणांचंही झालं. "भांडण झालं का?" "नाही!" "उरलं का काही?" "नाही!" "मग शून्य?" "सम!!" हा शेवटचा आवाज शिक्षकखोलीपर्यंत गेला असावा. जावाच.

शेवटच्या बाकावर एक मुलगी एकटीच बसते. याच वर्षी शाळेत आलीय, माझ्यासारखीच नवी. वर्गात मुलं विषम, त्यामुळे तिला जोडी नव्हती. मीच समोर बसलो. बारा झाकणं होती.

"वाट."

"नको."

"का गं?"

"एकत्र छान दिसतात."

मी म्हटलं, अगं, खेळ आहे. तिनं थोडा विचार केला, एक झाकण उचललं आणि मुठीत बंद केलं. उरलेल्या अकरांकडे बोट दाखवून म्हणाली, "आता नाही वाटता येणार."

मी जोरात "शाब्बास" म्हणालो. अकरा विषम, हे तिनं वाटून न बघताच ओळखलं. जाताना ते झाकण तिनं परत दिलं नाही. असू दे.

९ सप्टेंबर

घसा बसलाय. आईनं गरम पाणी करून दिलं. करताना विचारलं, "तुमच्या इथे मीठ कुठे असतं?" दरवर्षी विचारते. गंमतच आहे.

१२ सप्टेंबर

तीनची कसोटी. अंकांची बेरीज करा, तिला तीननं भाग गेला तर संख्येलाही जातो. हे सगळ्यांना पाठ आहे. का जातो, ते कुणालाच ठाऊक नाही. मोठ्या बाईंनाही नसावं, त्या दारातून ऐकत उभ्या होत्या.

मी दहा झाकणं घेतली. तिघांत वाटली, एक उरलं. म्हणजे दर दहामागे एक उरतं. शंभरमागेही एकच. मग चाळीसमागे चार उरतात, पाचशेमागे पाच. त्या उरलेल्यांचीच आपण बेरीज करतो! हे कळल्यावर पुढच्या बाकावरचा एक जाड चष्म्याचा मुलगा "आईशप्पथ" म्हणाला. मी रागावलो नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

पण खरी गोष्ट नंतर घडली. तास संपल्यावर ती नवी मुलगी टेबलाशी आली.

"सर, नऊ विषम आहे ना?"

"हो."

"मग तीन जणांत कशी वाटली गेली?"

"विषमला दोनने भाग जात नाही. तीनने जाऊ शकतो."

तिचा चेहरा पडला. "मला वाटलं विषमला कुणी हात लावू शकत नाही." मग टेबलाच्या कडेवर नख घासत: "कुणालाच वाटता येत नाही अशी संख्या असते का? दोघांना नाही, तिघांना नाही, कितीही जण आले तरी नाही?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मूळ संख्या पुढच्या सत्रात आहेत. कुणी सांगितलेलं नाही. ही पोर स्वतः चालत तिथपर्यंत पोचली!

मी सांगितलं, असतात. पाच, सात, अकरा, तेरा. एकेकाला एकेक वाटायची नाहीतर अख्खी एकाला द्यायची, तिसरा मार्ग नाही. त्यांना मूळ संख्या म्हणतात.

"किती आहेत?"

"संपत नाहीत."

ती हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिचे दात दिसले.

मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. म्हणालो, बाई, आपल्याकडे काहीतरी वेगळंच रत्न आलंय. त्या म्हणाल्या, "ती? तिच्या तोंडून शब्द फुटत नाही असं सगळ्यांचं म्हणणं आहे." मी म्हटलं, योग्य प्रश्न मिळाला की फुटतो.

१८ सप्टेंबर

मुलांनी तिचं नाव "मुळा" ठेवलंय. मूळ संख्या, म्हणून मुळा. मी रागवायला गेलो तर तीच म्हणाली, "असू दे सर, मला आवडतं. मुळा एकच असतो." ही मुलगी विनोदही करते!

रोज सकाळी फाटकापाशी मला गाठते. सत्तेचाळीस? मूळ. एकावन्न? नाही, सतरा त्रिक. हिला आता तीनची, पाचची, अकराची, सगळ्या कसोट्या तोंडपाठ आहेत. एखादी संख्या वाचली की जणू कुणाला तरी पुरातून बाहेर काढल्यासारखा श्वास सोडते.

आज एक्क्याण्णव घेऊन आली. "ही पक्की आहे, सर. दोन नाही, तीन नाही, पाच नाही."

मी म्हटलं, "तेरा सत्ते करून बघ."

तिनं मनातल्या मनात केलं. ओठ हलले. मग डोळे भरले आणि ती म्हणाली, "ही पण गेली."

एका संख्येसाठी रडणारी मुलगी मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. घरी येऊन लगेच सांगितलं. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "संख्येसाठीच रडली कशावरून?"

"मग कशासाठी रडेल?"

"मला काय माहीत. तू विचारायचंस."

बायकोला गणिताचं वेड कधी नव्हतंच. तिला ते कळणार नाही. आम्हाला मूल नाही, म्हणून मी परक्यांच्या पोरांत जास्त गुंततो असंही तिला वाटत असेल. वाटू दे.

आईचे कपडे अजून बॅगेतच आहेत. कपाटाचा एक कप्पा मी मुद्दाम रिकामा करून दिलाय. म्हणते, "असू दे रे, बरं पडतं." तिला सुटसुटीत राहायला आवडतं.

२३ सप्टेंबर

आंतरशालेय गणित स्पर्धेत मुळ्याला उतरवायचं ठरवलंय. त्यासाठी तिच्या आईला भेटलो. दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. आत कुणाचा तरी दात कोरला जात होता, त्या आवाजात बोलणं चाललं होतं.

मी म्हणालो, तुमच्या मुलीला विलक्षण देणगी आहे. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्या म्हणाल्या, "गणित? दोघींनाही कधी गणित..." आणि थांबल्या.

"दोघी?"

"म्हणजे मी आणि ती."

मग त्यांनी विचारलं, "वर्गात कुणाशी बोलते का?" मी म्हटलं, "संख्यांशी बोलते!" त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. वाईट वाटलं मला. घरात एवढा हिरा आहे आणि आईला त्याची किंमत नाही, असं वाटलं. स्पर्धेला मात्र हो म्हणाल्या. म्हणाल्या, "तिला हवं असेल तर. तिला काहीतरी हवंय, हेच खूप झालं."

शुक्रवारी मोठ्या बाई माझा तास बघायला बसणार आहेत. मी मुळ्यासाठी एक गंमत राखून ठेवलीय.

२६ सप्टेंबर

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो, नाहीतर डोक्यात फुटेल.

तास छान सुरू झाला. मोठ्या बाई मागे बसल्या होत्या. मी म्हणालो, आज आपल्या मुळ्यासाठी खास. फळ्यावर लिहिलं: ११, १३. मग १७, १९. मग २९, ३१. म्हटलं, सगळ्या मूळ. आणि बघा, जोडीजोडीनं येतात. यांना जोडमूळ संख्या म्हणतात. जुळ्या बहिणीच म्हणा ना!

मुळा ताठ बसली. मला वाटलं, उत्सुकतेनं.

"आता या बहिणींच्या मध्ये कोण उभं आहे?" वर्ग ओरडला: बारा, अठरा, तीस. मी त्या मधे लिहिल्या. "दोनची कसोटी लावा. तीनची लावा." मुलांनी लावल्या. सगळ्यांना दोन्हींनी भाग जातो! आधी शिकवलेलं सगळं एका जागी आलं. मोठ्या बाई मान डोलावत होत्या. मला वाटलं, मास्तर झालो ते सार्थक झालं.

मुळ्यानं हात वर केला. "ती मधली कायम असते?"

"कायम. कितीही पुढे जा."

"कधीच शेजारी शेजारी नसतात?"

"दोन आणि तीन सोडले तर कधीच नाही. तसं सिद्ध करता येतं." आणि मी, मोठ्या बाई ऐकतायत म्हणून, आणखी रंगात येऊन म्हणालो, "बिचाऱ्या जुळ्या! एकमेकींना बघतात, पण भेटत नाहीत."

ती उठली. फळ्यापाशी आली. तळहातानं बारा पुसला. अठरा पुसला. तीस पुसायला लागली तेव्हा खडू उरला नव्हता तरी हात घासतच राहिली. वर्ग हसला. मीही हसलो. देवा, मीही हसलो. म्हणालो, "अगं, मधली पुसली तरी त्या जवळ येत नाहीत. त्यांची जागा ठरलेली असते."

तिनं माझ्याकडे बघितलं. तसं मला आजवर कुणी बघितलेलं नाही. आणि ती दारातून चालत बाहेर गेली.

मोठ्या बाई म्हणाल्या, "जाऊ द्या, तोंड धुऊन येईल." मी तास पुढे चालू ठेवला. चालू ठेवला!

पुढच्या तासाला ती नव्हती. स्वच्छतागृहात नव्हती, ग्रंथालयात नव्हती, मागच्या मैदानात नव्हती. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, कुणी गेलेलं दिसलं नाही. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक. मी रस्त्यावर धावलो. दोन्ही बाजूंच्या दुकानांत विचारत सुटलो, आणि तेव्हा लक्षात आलं की तिचं वर्णन मला करता येत नाही. केस कसे? उंची किती? मी सांगत होतो, "हुशार आहे हो, फार हुशार आहे."

मुळ्याची आई आली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "ती तिच्याकडे गेली असेल."

"कुणाकडे?"

"बहिणीकडे. त्या दोघी आहेत. जुळ्या."

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही.

"आम्ही मे महिन्यात वेगळे झालो," ती म्हणाली. उभ्याउभ्याच, शाळेच्या फाटकात. "भांडलो नाही. सगळे म्हणत होते, किती समजूतदारपणे केलंत. भांडी, पुस्तकं, सगळं सारखं वाटलं. दोघांनाही मुलीशिवाय राहवणार नव्हतं. मग... एक त्यांना, एक मला."

एक तुला, एक मला. हे मी वर्गात टाळ्या वाजवून म्हणून घेतलंय. त्या मुलीकडूनसुद्धा म्हणून घ्यायला निघालो होतो.

संध्याकाळी तिच्या बापाचा फोन आला. ती पोचलीय. दोन बस बदलून, एकटी, दुसऱ्या गावातल्या त्या शाळेच्या फाटकात जाऊन उभी राहिली. शाळा सुटली आणि दुसरी बाहेर आली.

सुखरूप आहे. सुखरूप हा शब्द मुळ्याच्या आईनं मला दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आला नाही.

२७ सप्टेंबर

काही लिहवत नाही. जेवलो नाही. आईनं पाठीवरून हात फिरवला, काय झालं विचारलं नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती "मी सांगत होते" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"ही पण गेली," असं म्हणाली होती मुळा.

२८ सप्टेंबर, रविवार

मुळ्याची आई काल तिकडे जाऊन रिकाम्या हातानं परत आली. दोघी मुली एकमेकींना सोडायला तयार नाहीत. आज सकाळी तिचा फोन: "तुम्ही याल का सोबत? तुमचं ऐकते ती."

माझं ऐकते! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण गेलो. निघताना बायको म्हणाली, "जा. पण तिथे शिकवू नकोस."

बाप लिफ्टची दुरुस्ती करतो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. यावर तो स्वतःच काहीतरी विनोद करत असेल एरवी. आज नाही केला. दार मुळ्यानं उघडलं. मी म्हणालो, "बाळा, माझं चुकलं." ती म्हणाली, "मी नाही ती. ती आत आहे."

तोच चेहरा. तेच दात. मी चौकटीला धरून उभा राहिलो.

बाहेरच्या खोलीत मुलांच्या ज्ञानकोशाचे खंड मांडलेले होते. एक, तीन, पाच, सात. बाकीचे कुठे असतील ते मी विचारलं नाही.

माणूस वाईट नाही. हेच भयंकर होतं. तो म्हणाला, "सर, तुम्ही सांगा, मी काय करू? दोन्ही तिला देऊन टाकू? की तिनं दोन्ही मला द्याव्यात? आम्ही कोर्टात गेलो नाही, मुलींना ओढाताण नको म्हणून." मुळ्याची आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मला एकही नको असं मी कशी म्हणू?" दोघांपैकी कुणाचा आवाज चढला नाही. चढला असता तर निदान त्या मुलींना कळलं असतं की काहीतरी मोडलंय.

आतून दोघी आल्या. हात असे घट्ट धरलेले, की बोटं कुणाची ते कळू नये. मुळ्यानं मला विचारलं, "सर, दोनला दोनने भाग जातो. म्हणून भागायचंच का?"

मला शिकवायचं नव्हतं. मी म्हणालो, "नाही गं. जातो म्हणजे करायलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही."

मग बापाला एकदम सुचलं. त्याचा चेहरा उजळला. "असं करू या. दोघी एकत्रच राहतील. सहा महिने इथे, सहा महिने तिच्याकडे. शाळेचं बघू काहीतरी. सारखं होईल!"

आईनंही वळून बघितलं. दोघांनाही पटत होतं. आणि तिनं मला विचारलं, "असं जमतं का हो कुणाला? तुम्ही बघितलंय?"

मी म्हणालो, "माझी आई तशीच राहते. सहा महिने भावाकडे, सहा माझ्याकडे."

"बऱ्या असतात का त्या?"

मी तोंड उघडलं. उत्तर तोंडात असायला हवं होतं. छान चाललंय, कुणाची कुरकुर नाही. पण त्या दोन सारख्या चेहऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला ते म्हणता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिला कधी विचारलेलं नाही."

२९ सप्टेंबर

शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. वाटलं, नारळ देतात. त्या म्हणाल्या, "मीही मागे बसून मान डोलावत होते, सर." एवढंच.

चष्मेवाल्या मुलानं विचारलं, मुळा कधी येणार? मी म्हटलं, तिला तिच्या नावानं विचार. त्याला ते पटकन आठवेना.

१ ऑक्टोबर

आईला विचारलं.

ती गॅलरीत वाळलेले कपडे गोळा करत होती. मी म्हटलं, "आई, तुला कुठे राहायला आवडेल? आमची सोय सोड. तुला."

ती घड्या घालत राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर मला माहीत होतं: ती म्हणेल, तुझ्याकडेच रे, धाकटा तू. मग मी दादाला फोन करीन, आई कायमची आमच्याकडे राहील, आणि माझं थोडं तरी पाप धुतलं जाईल. मी मनात तिची खोलीही रंगवून घेतली होती. फिकट पिवळी.

"राग नाही ना येणार?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मग दादाकडे."

मी हसलो, कारण चेहऱ्याचं दुसरं काय करावं कळेना.

"तुझ्याकडे काही कमी नाही रे," ती घाईघाईनं म्हणाली. "तुझी बायको तर माझी किती करते. पण तिथे खाली बाक आहे. आम्ही तिघी-चौघी बसतो संध्याकाळी. एक जण फार हसवते. इकडे आले की सहा महिने त्यांचं काय चाललंय कळत नाही. परत जाते तोवर एखादी गेलेली असते." मग हळूच: "इथे मी पाहुणीच आहे. तुम्ही दोघं सकाळी जाता. मी दाराकडे बघत बसते."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघांनी किती प्रेमानं वाटून घेतलं होतंत. कसं बोलू?"

बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत जाऊन तिनं कुकर लावला, नेहमीपेक्षा जरा जास्त आवाज करत.

४ ऑक्टोबर

दादाला फोन केला. आईचं म्हणणं सांगितलं. मग म्हणाला, "मला वाटायचं तिचा जीव तुझ्यात आहे. आम्ही तिला अडवून ठेवतो असं वाटायचं. म्हणून एक तारखेला नेमानं बसवून द्यायचो." मागून वहिनीचा आवाज: "अहो, विचारता काय, या म्हणावं! त्यांच्या मैत्रिणी रोज मला विचारून भंडावून सोडतात."

आम्ही दोघं भाऊ फोनवर रडलो. या वयात. एकमेकांना दिसत नव्हतो ते बरं.

उद्या मीच तिला सोडायला जाणार. आता आपणच तिच्याकडे जात जायचं, असं ठरलंय. बायको म्हणाली, "आणि गेलास की दोन दिवस राहा. पंप तपासायला आल्यासारखा तासाभरात निघू नकोस."

१७ ऑक्टोबर

मुळ्याचा आज शाळेतला शेवटचा दिवस होता. तिच्या आईनं तिकडच्या गावात दुसऱ्या दवाखान्यात काम शोधलं, नवऱ्याच्या घरापासून चालत जाता येईल असं घर बघितलं. दोन घरं राहणारच. ते काही परत एक होणार नाहीत, आणि तसं कुणी मुलींना खोटंही सांगितलेलं नाही. पण मुली एकत्र, एका शाळेत, ज्या घरी जावंसं वाटेल त्या घरी दोघी मिळून. सारखं होईल की नाही, कुणी मोजणार नाही, असं त्या बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. बरं वाटलं.

तास संपल्यावर मुळा टेबलाशी आली. दुसरीही सोबत आली होती, ती दाराबाहेर थांबली. सगळा वर्ग खिडकीतून तिला बघायला झुंबड करत होता.

मी पुन्हा माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्हाला कुठे माहीत होतं?" हे ती मला सोडून देण्यासाठी म्हणाली, पण मला ते लागलं. मी महिनाभर रोज तिच्याशी बोलत होतो.

काहीतरी चांगलं बोलून निरोप द्यावा म्हणून मी म्हटलं, "नव्या शाळेत गणित सोडू नकोस हं. स्पर्धा पुढच्या वर्षी तिकडूनही देता येईल. तुझ्यासारखी मूळ संख्या ओळखणारी मी बघितली नाही."

तिला संकोच वाटला. तिनं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"सर, एक सांगू? मला गणित आवडत नाही."

"हो?"

"कधीच नाही आवडलं."

मी "बरं" म्हणालो. आणखी काय म्हणणार? माझा हिरा, माझी स्पर्धा, अंगावर आलेला तो काटा. मग मला हसू आलं, आणि तीही हसायला लागली. सगळे दात दाखवून.

"मग काय आवडतं?"

ती विचार करायला लागली. खरंच विचार करायला लागली, कपाळाला आठ्या घालून. एवढ्यात बाहेरून दुसरीनं हाक मारली. तिच्या नावानं. ते नाव मी रोज हजेरीला वाचत होतो. पण कुणीतरी त्या नावाच्या मुलीला हाक मारतंय, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं.

ती उत्तर न देताच धावत गेली.